पेशंट 'लाइड', 'लेड' की 'ले'? तक्ता पाठ आहे, तरी चुकतं

नाइट_ड्युटी_मिरज

नमस्कार. प्रश्न शाळकरी वाटेल, पण हसू नका.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली. मिरजेत एका खासगी हॉस्पिटलमध्ये आठ वर्षं स्टाफ नर्स आहे, त्यातली पाच मेडिसिन वॉर्डला गेली. आता यूकेसाठी ओईटीची, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांच्या इंग्रजी परीक्षेची, तयारी चाललीय. रायटिंगला ४५ मिनिटं मिळतात. पहिली ५ नुसत्या केस नोट्स वाचायला, मग ४० मिनिटांत १८० ते २०० शब्दांचं पत्र. वेळेत बसतं, स्पेलिंगही बऱ्यापैकी आहे. गाडी अडते ती एकाच क्रियापदापाशी.

मागच्या आठवड्यात सरावाचं पत्र होतं. सत्तरीच्या आजी, रात्री बाथरूमला उठल्या आणि पडल्या, सकाळी सुनेला जमिनीवर दिसल्या. मी लिहिलं, 'शी लाइड ऑन द फ्लोअर फॉर सिक्स अवर्स.' क्लासच्या सरांनी लाल पेनाने गोल केला आणि शेजारी लिहिलं, 'अबाउट व्हॉट?' म्हणजे आजी सहा तास जमिनीवर पडून कशाबद्दल खोटं बोलत होत्या? त्यांनी ते वर्गात वाचून दाखवलं. सगळे हसले, मीपण हसले. घरी येईपर्यंत मात्र हसू उतरलं होतं.

दुरुस्त करून 'शी लेड ऑन द फ्लोअर' केलं. त्यालाही गोल. मग 'शी ले' केलं, तर म्हणाले आता बरोबर. चला, 'ले' शिकले म्हटलं. पुढच्या पत्रात मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं, 'आय ले द पेशंट ऑन हर लेफ्ट साइड.' तिथे म्हणे 'लेड' हवं! का, विचारलं तर उत्तर एकच, तक्ता पाठ करा.

तक्ता मला पाठ आहे हो. लाय, ले, लेन म्हणजे पडून असणे. ले, लेड, लेड म्हणजे ठेवणे. लाय, लाइड, लाइड म्हणजे खोटं बोलणे. रात्री अडीच वाजता सलाइनची बाटली बदलतानासुद्धा पुटपुटते. पण हातात पेन आलं की तक्त्यातली कुठली ओळ उचलायची तेच कळत नाही. ते ओळखायची काही खूण आहे का?

इंग्लिश_सोप्पं_आहे

ताई, कशाला डोकं खाता? सगळीकडे 'लेड' टाकून मोकळ्या व्हा. इंग्रज लोकसुद्धा बोलताना गोंधळ घालतात. समजलं म्हणजे झालं.

पोल्ट्रीवाला_तासगाव

मला इंग्रजीतलं फार कळत नाही, पण आमच्या धंद्यात दोनच पक्षी. मांसाचा तो ब्रॉयलर आणि अंड्याचा तो लेअर. लेअर साधारण १८ ते २० आठवड्यांची झाली की अंड्यावर येते. म्हणजे 'ले' म्हणजे अंडी घालणे एवढं मला पक्कं माहीत आहे. त्यामुळे 'सिस्टरने पेशंटला ले केलं' हे वाचून जरा दचकलो.

निवृत्त_शिरस्तेदार

पोल्ट्रीवाले, तुम्ही हसण्यावारी नेलंत, पण बोट बरोबर जागी ठेवलंत. त्याकडे येतोच.

ताई, तक्ता तुमचा अचूक आहे. आणि तो पाठ असूनही उपयोग होत नाही, हेही खरं. मी दिवाणी न्यायालयात चौतीस वर्षं काढली, कनिष्ठ लिपिक ते शिरस्तेदार. इंग्रजी पाचवीपासून, तेही मारून मुटकून. नोकरीच्या पहिल्या वर्षी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ९६ पुढ्यात आलं. दोन्ही पक्षांच्या संमतीने झालेल्या हुकूमनाम्याबद्दल तिथे म्हटलंय, 'नो अपील शॅल लाय'. मला 'लाय' म्हणजे खोटं बोलणे एवढंच ठाऊक. अपील खोटं कशाला बोलेल? साहेबांना विचारायची छाती नव्हती. एका म्हाताऱ्या बेलिफाला विचारलं. तो म्हणाला, "अरे, लाय म्हणजे पडून असणं, बसणं. त्या हुकूमनाम्यावर अपील बसत नाही." चौथी पास माणूस. त्या दिवसापासून तो शब्द मी विसरलो नाही.

आता तुमची खूण. ती इंग्रजीत शोधू नका, तुमच्याच तोंडात आहे.

फांदी पडते, आपण ती पाडतो. दोरी तुटते, आपण तोडतो. नारळ फुटतो, फोडतो. गाय चरते, गुराखी चारतो. मधला स्वर हलला की आपोआप होणारी गोष्ट कुणीतरी केलेली होते. 'लाय' आणि 'ले' ही अशीच जोडी आहे. लाय म्हणजे आपलं आपण आडवं असणं. ले म्हणजे दुसऱ्याला किंवा वस्तूला आडवं करणं, ठेवणं. इंग्रजीत अशा जोड्या आता थोड्याच उरल्यात. सिट आणि सेट म्हणजे बसणे आणि बसवणे. फॉल आणि फेल म्हणजे तर थेट आपलं पडणे आणि पाडणे. हा फेल 'पडला' या अर्थाचा भूतकाळ नव्हे, हा वेगळा. 'टु फेल अ ट्री' म्हणजे झाड पाडणे. हा योगायोगही नाही. इंग्रजी आणि संस्कृत एकाच कुळातल्या, आणि साध्या क्रियापदाचं प्रयोजक करायची ही रीत दोघींनी त्या जुन्या घरातूनच आणलीय. आपल्याकडे ती अजून नांदती आहे, त्यांच्याकडे मोडकळीला आली.

मग घोळ कुठे? नावात. 'लाय'चा भूतकाळ 'ले', आणि दुसऱ्या क्रियापदाचं मूळ नावही 'ले'. आजोबांचं नाव नातवाला ठेवलेलं असलं की वाड्यात "दत्तू आहे का?" विचारल्यावर कोण बाहेर येईल सांगता येत नाही, तसं. म्हणून हाक मारण्याआधी कुठला दत्तू हवाय ते ठरवायचं.

ठरवायचं कसं? वाक्य आधी मनात मराठीत, भूतकाळात म्हणा. कर्त्याला 'ने' लागला की लेड. नाही लागला की ले.

आजी जमिनीवर पडून राहिल्या. 'आजींनी' नाही म्हटलंत. म्हणून ले.
सिस्टरने पेशंटला कुशीवर झोपवलं. 'ने' आला. म्हणून लेड.
कुत्रं उन्हात पसरलं. ले.
कोंबडीने अंडं घातलं. लेड.

यात एक खड्डा आहे आणि तुम्ही नेमक्या त्यातच पडलात. 'मी' आणि 'तू' यांना 'ने' दिसत नाही. 'मी ठेवलं', 'मी पडले', दोन्हीकडे नुसतं 'मी'. तुमचं चुकलेलं वाक्य 'आय'ने सुरू होत होतं, म्हणून खूण दिसली नाही. अशा वेळी 'मी'च्या जागी 'सिस्टर' घालून बघायचं. सिस्टरने झोपवलं, की सिस्टर झोपली? बस्स.

आता पोल्ट्रीवाल्यांचं. 'ले'साठी मराठीत एकच शब्द शोधायचा झाला तर मी 'घालणे' म्हणेन. अंडी घालणे, पाया घालणे, अंथरूण घालणे, नियम घालून देणे. इंग्रजीत चारही ठिकाणी 'ले' चालतं. गेटवे ऑफ इंडियाची कोनशिला मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज सिडनहॅम क्लार्क यांनी बसवली. बसवली, म्हणून 'वॉज लेड'. आणि पायाचा तो दगड आजही तिथे पडून आहे, म्हणून 'लाइज'. एकाच दगडाला दोन्ही क्रियापदं लागतात, फक्त कोण काय करतंय ते बघायचं.

स्पेलिंगचं एकदाच सांगतो. लेड लिहिताना एल-ए-आय-डी. पेड आणि सेड यांच्या रांगेतलं. एल-ए-वाय-ई-डी लिहिलंत तर सर दुसरं लाल पेन काढतील.

नाइट_ड्युटी_मिरज

काका, हे सगळं वहीत उतरवून घेतलं. दुपारी डबा खाताना मैत्रिणीला सांगितलं, तर तिने लगेच फाटा फोडला. म्हणाली, 'त्याने जरा पाठ टेकली', 'त्याने दमून अंग टाकलं', इथे 'ने' आहे. मग 'ही लेड डाउन' का? पुस्तकात तर 'ही ले डाउन' आहे. मला उत्तर देता आलं नाही. डबा तसाच राहिला.

इंग्लिश_सोप्पं_आहे

बघा, म्हणून म्हणत होतो, सगळीकडे लेड.

निवृत्त_शिरस्तेदार

मैत्रिणीला माझा नमस्कार सांगा. चांगली उलटतपासणी घेतली तिने.

'पाठ टेकली' मध्ये टेकली ती पाठ. 'अंग टाकलं' मध्ये टाकलं ते अंग. म्हणजे वाक्यात एक वस्तू बसलेली आहे, म्हणून 'ने' आला. इंग्रजी वाक्यात ती वस्तू तुम्ही नेलीत का, एवढं बघा. 'ही लेड हिज हेड ऑन द पिलो', उशीवर डोकं टेकवलं, इथे 'हेड' नेलं, म्हणून लेड. 'ही ले डाउन' मध्ये ना पाठ, ना अंग, काहीच नेलं नाही. तो आपला आडवा झाला. म्हणून ले. तेव्हा खूण थोडी दुरुस्त करून घ्या. 'ने' पाहिजे, आणि ज्याला ठेवलं ते इंग्रजी वाक्यातही पाहिजे. दोन साक्षीदार असले की निकाल पक्का.

कर्मणीत मात्र फसू नका. 'पेशंटला स्ट्रेचरवर ठेवण्यात आलं', इथे ठेवणारा दिसत नाही, पण आहे. 'वॉज लेड' बरोबर.

लीड्सची_कोल्हापुरी

अगं, मी पाच वर्षांपूर्वी हेच सगळं भोगलंय, म्हणून लिहिते. मी इथे यूकेत वृद्धांच्या वॉर्डला आहे.

पहिलं म्हणजे, काकांचा नियम घेऊन इथे आलीस की पहिल्याच आठवड्यात तुला वाटेल काकांनी फसवलं. यॉर्कशरमधली माणसं सर्रास 'आय वॉज सॅट', 'शी वॉज स्टुड', 'ही वॉज लेड इन बेड' म्हणतात. कुणी बसवलेलं नसतं, कुणी ठेवलेलं नसतं, बोलीच तशी आहे. मला एका आजोबांनी सांगितलं, 'आय वॉज लेड देअर ऑल नाइट, लव्ह', आणि मी शहाणी विचारते, 'हू लेड यू देअर?' त्यांना वाटलं मी पोलिसात द्यायला निघालेय. तर ऐकायचं त्यांचं, लिहायचं पुस्तकातलं. आपण नाही का घरात 'आलो व्हतो' म्हणतो आणि अर्जात 'आलो होतो' लिहितो?

म्हणून सोप्पं_आहे भाऊंचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. बोलण्यात खपतं. पण पेशंटच्या कागदावर 'द पेशंट लाइड' कधीही नको. तिथे अर्थच फिरतो. पेशंट खोटं बोलला असा आरोप होतो, आणि तो कागद पेशंट मागून वाचू शकतो.

दुसरं, तुझ्या त्या आजी. पडल्यावर तासाभराहून जास्त वेळ जमिनीवर पडून राहिलेल्या माणसासाठी इथे शब्दच आहे, 'लाँग लाय'. नाम आहे ते. हँडओव्हरला कुणी 'लाँग लाय' म्हटलं की सगळ्यांचे कान टवकारतात. स्नायू दबून खराब झालेत का म्हणून सीके ही रक्ततपासणी पाठवायची, किडनी बघायची, अंग गार पडलंय का, टाच आणि माकडहाडापाशी कातडी लाल झालीय का, सगळं. सरावाच्या पत्रात सहा तास हा आकडा उगाच दिलेला नसतो. तो पत्रात आला पाहिजे, आणि बरोबर क्रियापदासकट आला पाहिजे. 'हॅड लेन ऑन द फ्लोअर फॉर सिक्स अवर्स' लिहिलंस की डॉक्टरला एका ओळीत चित्र दिसतं. 'लेन' हा शब्द बोलताना फारसा कानावर येत नाही, पण पत्रात शोभतो.

तिसरं रोजचं, 'लाइंग अँड स्टँडिंग बीपी'. किमान पाच मिनिटं झोपवून बीपी घ्यायचं, मग उभं करून पहिल्या मिनिटात, आणि परत तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला की लिहून कळवायचं. चार्टवर 'लाइंग' छापलेलंच असतं. मी सुरुवातीला कौतुकाने खाली 'लेइंग' लिहायचे. कुणी काही बोललं नाही, यांच्यात बोलत नाहीत. एक दिवस सिनियरने चहा पिता पिता विचारलं, 'एनी एग्ज?'

आणि चौथं कुणी सांगत नाही ते. आपलं 'झोपणे' फार फसवं आहे. 'पेशंट झोपलाय' म्हणजे डोळा लागलाय, की नुसता आडवा आहे? आपल्याला बघूनच कळतं, म्हणून मराठीत चालून जातं. मी एकदा 'पेशंट स्लीपिंग' लिहिलं, तो फक्त डोळे मिटून पडला होता. पुढच्या शिफ्टने विचारलं, हाक मारल्यावर ओ देत होता का? वॉर्डात ह्या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक असतो. आडवा असेल तर 'लाइंग', झोप लागली असेल तर 'अस्लीप', आणि हाकेला ओ देत नसेल तर लिहीत बसू नकोस, घंटा दाब.

शेवटी एक विचारते. जीएनएमला मिडवायफरी केलीस ना? गरोदर बाईच्या पोटाला हात लावून एएनसी कार्डावर, म्हणजे तिच्या तपासणीच्या कार्डावर, काय भरायचीस?

नाइट_ड्युटी_मिरज

अय्या! लाय, प्रेझेंटेशन, पोझिशन. लॉन्जिट्युडिनल लाय, ट्रान्सव्हर्स लाय. 'आडवं मूल' म्हणजे ट्रान्सव्हर्स लाय. किती कार्डं भरली असतील! तो हाच 'लाय' आहे हे कधी डोक्यातच आलं नाही. मूल पोटात कसं पडलंय, उभं की आडवं.

लीड्सची_कोल्हापुरी

हाच तो. आणि तिथे 'ले' कधी लिहिलं नाहीस. कारण मुलाला तसं कुणी ठेवलेलं नसतं, ते आपलं आपण असतं.

निवृत्त_शिरस्तेदार

हे उदाहरण मला सुचलं नसतं. माझ्या कलम ९६ पेक्षा उजवं आहे. ह्यावरून आठवलं, जमिनीच्या चढउताराला इंग्लंडात 'लाय ऑफ द लँड' म्हणतात आणि अमेरिकेत 'ले ऑफ द लँड'. मोजणीच्या कागदांत मला दोन्ही भेटले. आपण 'जमिनीची ठेवण' म्हणतो, म्हणजे ठेवणे आपणही आणलंच की मध्ये. त्यांचे त्यांनाच पटत नाही म्हटल्यावर तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका.

नाइट_ड्युटी_मिरज

काका, ताई, दोघांचेही आभार. आज नाइट आहे, वॉर्ड शांत आहे (टचवुड). त्याच आजींवर परत लिहिलंय. तपासाल का? अक्षरं देवनागरीत लिहिते, इथे वाचायला बरं पडेल.

'मिसेस के वॉज फाउंड लाइंग ऑन हर बाथरूम फ्लोअर. शी हॅड लेन देअर फॉर अबाउट सिक्स अवर्स. द असिस्टंट्स लेड हर ऑन अ ट्रॉली अँड शी ले स्टिल व्हाइल आय चेक्ड हर पल्स. शी वॉज अवेक अँड लाइंग ऑन हर लेफ्ट साइड अ‍ॅट द टाइम ऑफ रिव्ह्यू. हर लाइंग बीपी वॉज १४०/८० अँड स्टँडिंग ११०/७०. शी फील्स डिझी आफ्टर लेइंग डाउन फॉर लाँग पीरियड्स.'

मराठीत म्हणून बघितलं. 'मदतनिसांनी ठेवलं', ने आला, लेड. 'आजी निपचित पडून राहिल्या', ने नाही, ले. एका वाक्यात दोन्ही जमले म्हणून फार आनंद झालाय.

लीड्सची_कोल्हापुरी

भारी! 'अवेक' घातलंस ते फार आवडलं. बीपी ३० ने उतरलंय, ते का उतरलं असेल याची एक ओळ पत्रात टाक, गोळ्यांची यादी बघायला सांग.

पोल्ट्रीवाला_तासगाव

सिस्टर, मी कोण दुरुस्त करणारा, पण शेवटची ओळ परत वाचा. आजी फार वेळ लेइंग केल्यावर चक्कर येते म्हणतात. लेअरला सुद्धा येते, पण त्या २० आठवड्यांच्या असतात.

नाइट_ड्युटी_मिरज

लाइंग! लाइंग डाउन! अहो दादा, इथे वॉर्डात एकटीच हसतेय, तीन नंबरचे आजोबा उठून बसले.